जुना डबा घ्या

२०१७मध्ये ‘टाइम’ मासिकाशी बोलताना सोनीचे अधिकारी जिम रायन यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, जुने गेम नव्या कन्सोलवर चालावेत अशी मागणी लोक खूप करतात, पण सोय दिली की ती वापरत फारसं कुणी नाही. दुसरी, ‘ग्रान टुरिस्मो’च्या एका कार्यक्रमात चारही प्लेस्टेशनवरचे भाग मांडले होते, आणि त्यातले पहिल्या दोन यंत्रांवरचे इतके पुरातन दिसत होते की हे कुणी कशाला खेळेल, असा त्यांना प्रश्न पडला. दोन वर्षांनी रायनसाहेब प्लेस्टेशनचे सर्वेसर्वा झाले.

त्यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की आम्ही खेळतो. आणि आम्ही काय खेळावं हे विकणाऱ्याने ठरवायचं कारण नाही.

दिवाळीच्या बोनसमधून कन्सोल घ्यायचा विचार चालला असेल, तर माझं म्हणणं ऐका. मागच्या पिढीचे गेम चालवणारा जुना कन्सोल आधी घ्या. नव्याचं नंतर बघू. ‘जुनं ते सोनं’ ही म्हण मला पटत नाही. जुनं इलेक्ट्रॉनिक्स बहुतेक वेळा धुळीने भरलेलं, तापणारं आणि कधीही दगा देणारं असतं. माझा मुद्दा मालकीचा आहे. रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू किती दिवस आपली राहते, आणि ती आपली राहणं कधी थांबणार हे कोण ठरवतं? याचा सगळ्यात स्वच्छ धडा मिळतो तो २००६ सालच्या ६० जीबीच्या जाडजूड पहिल्या पीएस३कडून.

*

मागच्या पिढीचे गेम चालवणं ही काही नवी चैन नाही. अटारी ७८०० या यंत्रावर अटारी २६००ची काडतुसं चालायची. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर जुन्या गेमबॉयचे गेम चालायचे, निन्टेन्डो डीएसवर अ‍ॅडव्हान्सचे, थ्रीडीएसवर डीएसचे. पीएस२मध्ये तर सोनीच्या इंजिनिअरांनी फारच सुंदर युक्ती केली होती. पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर त्यांनी नव्या यंत्रात इनपुट-आउटपुटच्या कामाला बसवला. पीएस२चा गेम चालू असताना तो कंट्रोलर आणि डिस्क सांभाळायचा, आणि जुनी डिस्क आत गेली की पुन्हा आपल्या मूळ कामाला लागायचा. निवृत्त माणसाने घरचा हिशोब बघावा आणि गरज पडली की पुन्हा कचेरीत जाऊन बसावं, तसं.

मग आला पीएस३. ११ नोव्हेंबर २००६ला जपानमध्ये आणि १७ नोव्हेंबरला अमेरिकेत. २० जीबी आणि ६० जीबी असे दोन प्रकार, किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. या यंत्रात सेल नावाचा नवा प्रोसेसर होता, आणि त्याच मदरबोर्डवर पीएस२चा अख्खा संसार बसवला होता: त्याचा प्रोसेसर इमोशन इंजिन आणि त्याची ग्राफिक्स चिप, ग्राफिक्स सिंथेसायझर. म्हणजे पीएस२ची डिस्क टाकली की नक्कल चालायची नाही, खरा पीएस२च जागा व्हायचा. एका डब्यात तीन पिढ्या. शिवाय चार यूएसबी, मेमरी कार्ड वाचायची सोय, ब्लू-रे, आणि लिनक्स टाकायची परवानगी. अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन विभागाने २०१०मध्ये सतराशेहून जास्त पीएस३ एकमेकांना जोडून सुपरकॉम्प्युटर उभा केला, तो या लिनक्सच्या सोयीमुळेच.

हे यंत्र विकताना सोनीला तोटा होत होता. आयसप्लाय या संस्थेने तेव्हा यंत्र उघडून अंदाज काढला, की ६० जीबीचा पीएस३ बनवायलाच सुमारे ८४० डॉलर लागत असावेत. तोटा कमी करायला कात्री लावणं भाग होतं हे मान्य. ती कुठे लागली ते बघा.

मार्च २००७मध्ये युरोपात पोचलेल्या पीएस३मधून इमोशन इंजिन गायब झालं होतं. ग्राफिक्सची चिप तेवढी ठेवली, प्रोसेसरचं काम सॉफ्टवेअरवर ढकललं, आणि बरेच गेम अडखळू लागले. कंपनीचं तेव्हाचं म्हणणं असं, की यापुढे जुन्या गेमपेक्षा नव्या गेमवर शक्ती लावायची आहे. २००७च्या शेवटी ४० जीबीचं मॉडेल आलं, त्यात दुसरीही चिप नव्हती. पीएस२ची डिस्क आता चालतच नव्हती. वर्षभरात तीन पिढ्यांच्या डब्यातली मधली पिढी नाहीशी झाली.

१ एप्रिल २०१०ला ३.२१ क्रमांकाचा अपडेट आला आणि लिनक्सची सोयही गेली. अपडेट न घेण्याचं स्वातंत्र्य होतं, पण मग ऑनलाइन जाता येणार नव्हतं आणि नवे गेमही चालणार नव्हते. लोकांच्या घरात असलेल्या, त्यांनी पूर्ण पैसे दिलेल्या यंत्रातलं जाहिरात केलेलं एक वैशिष्ट्य दूर बसून काढून घेतलं गेलं. सुरक्षेचं कारण दिलं गेलं. अमेरिकेत सामूहिक खटला झाला, वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी तडजोडीत संपला. फ्रीज घेतल्यावर चार वर्षांनी कंपनीच्या माणसाने येऊन भाजीचा कप्पा काढून नेला, तर आपण त्याला जिन्यावरून खाली जाऊ देणार नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र आपण ‘आय अ‍ॅग्री’ दाबतो.

*

इथे माझ्या व्यवसायातले लोक म्हणतील, अरे, तांत्रिक अडचण असते. असते. ती नीट समजून घेऊ.

पीएस२च्या ग्राफिक्स चिपमध्ये फक्त ४ एमबी मेमरी होती, पण ती चिपच्या आतच असल्यामुळे सेकंदाला ४८ जीबी इतक्या वेगाने वाचता-लिहिता यायची. पीएस३च्या ग्राफिक्स मेमरीचा वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. पीएस२साठी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरांनी त्या वेगाचा पुरेपूर फायदा उठवला होता, एकाच चित्रावर थरावर थर चढवले होते. त्याची नक्कल कागदावर कितीतरी ताकदवान असलेल्या यंत्रालाही जड जाते. युरोपी मॉडेलमध्ये प्रोसेसर काढला पण ग्राफिक्सची चिप ठेवली, याचं कारण बहुधा हेच. तसंच, पीएस४वर पीएस३चे गेम का चालत नाहीत, यालाही प्रामाणिक उत्तर आहे. सेलमध्ये एक मुख्य प्रोसेसर आणि त्याच्या हाताखाली विचित्र स्वभावाचे छोटे प्रोसेसर अशी रचना होती, आणि पीएस४ साध्या पीसीच्या वळणाचा होता. ते काम खरंच अवघड होतं.

पण आता पुढचं ऐका. ऑक्टोबर २०११मध्ये सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानात ‘पीएस२ क्लासिक्स’ विकायला काढले. पीएस२चेच गेम, डाउनलोड करायचे आणि पीएस३वर खेळायचे. कुठल्या पीएस३वर? सगळ्या. ज्यात दोन्ही चिपा नव्हत्या, त्याही. कारण तोवर कंपनीने पूर्ण सॉफ्टवेअर एम्युलेटर लिहून तयार केला होता. म्हणजे तुमच्या कपाटात गेमची अस्सल डिस्क आहे, ती टाकली तर यंत्र म्हणणार की चालत नाही. तोच गेम पुन्हा पैसे देऊन घेतलात, की त्याच यंत्रावर, त्याच टीव्हीवर तो चालणार.

बचाव असा होऊ शकतो, की तो एम्युलेटर सरसकट चालत नव्हता, प्रत्येक गेमसाठी वेगळी जुळवाजुळव लागायची. बरोबर. मग ज्या गेमची जुळवाजुळव झाली होती, त्यांच्या डिस्क तरी चालू द्यायच्या. अडचण तांत्रिक होती तोवर मी सहानुभूतीने ऐकत होतो. २०११नंतर ती गल्ल्याची अडचण झाली.

सॉफ्टवेअरच्या जगात जुन्याची कदर करण्याची चांगली परंपरा आहे, म्हणून मला याचा जास्त राग येतो. लिनक्स कर्नलमध्ये लिनस टोरव्हाल्ड्सचा नियम प्रसिद्ध आहे: कर्नलमधल्या बदलामुळे लोकांचे चालते प्रोग्रॅम मोडता कामा नयेत, आणि मोडले तर चूक कर्नलची. इंटेलच्या आजच्या प्रोसेसरच्या सूचनासंचाची मुळं १९७८च्या ८०८६पर्यंत जातात. मागच्या ग्राहकाला दिलेला शब्द पाळणं हा आमच्याकडे कामाचा भाग समजला जातो. कंटाळवाणा, न दिसणारा, पण भाग. कन्सोलच्या धंद्यात तोच शब्द ‘रीमास्टर’ नावाने पुन्हा विकता येतो, म्हणून तो मोडण्यात फायदा आहे.

*

आता आपल्याकडे वळू, कारण इथे गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे.

पीएस२ जगभरात १६ कोटी खपला. भारतात तर तो पुढची यंत्रं आल्यावरही बराच काळ मध्यमवर्गीय घरातला मुख्य कन्सोल राहिला. पण आपल्याकडचे कितीतरी पीएस२ ‘चिप’ बसवलेले होते. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत यंत्र घ्यायचं, तिथेच चिप बसवून घ्यायची आणि प्लास्टिकच्या पिशवीत झेरॉक्स मुखपृष्ठ घातलेल्या डिस्क आणायच्या. तेव्हा शाळकरी असलेल्या आमच्या पिढीच्या पीएस२च्या आठवणी मोठ्या प्रमाणात चोरीच्या प्रतींच्या आठवणी आहेत. मग मालकीच्या गोष्टी आम्ही कोणत्या तोंडाने करायच्या?

करायच्या, आणि याच कारणाने जास्त करायच्या. आज आपण कमावतो. स्टीमवर सेलमध्ये गेम घेतो, महिन्याच्या महिन्याला सबस्क्रिप्शन भरतो. चोरीच्या काळात आपल्याकडे हक्क नव्हता पण वस्तू होती. आता हक्काचे पैसे मोजतो आणि हातात वस्तूच येत नाही. प्रामाणिक ग्राहक झाल्याचं हे बक्षीस असेल, तर पायरसीविरुद्धची व्याख्यानं देणाऱ्यांनी यावर थोडं बोलावं.

आणि आपल्याकडे गमावण्यासारखं आपलं स्वतःचंही काही आहे. २००९मध्ये हैदराबादच्या एका स्टुडिओने बनवलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा गेम पीएस२वर आला. त्याच वर्षी ‘देसी अड्डा’ आला, त्यात कबड्डी आणि विटीदांडू होता. हे महान गेम होते असं मी म्हणणार नाही. पण भारतात, भारतीयांनी, कन्सोलसाठी गेम बनवायला सुरुवात केली तेव्हाच्या या नोंदी आहेत, आणि त्यांचं रीमास्टर कुणीही काढणार नाही, कारण त्यात कुणाला पैसा दिसत नाही. कुठल्याही सबस्क्रिप्शनच्या यादीत ते येणार नाहीत. ते खेळायचे तर मूळ डिस्क आणि ती वाचणारं यंत्र, नाहीतर त्यावरून केलेली प्रत, एवढाच रस्ता उरतो.

आपण हे आधी एकदा भोगलंय. भारतात मूकपटांच्या काळात हजाराहून जास्त चित्रपट निघाले. आज त्यातले मोजकेच उरलेत, तेही पुष्कळदा तुकड्यांत. फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा आपल्यापर्यंत अर्धामुर्धाच पोचला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४मध्ये सुरू झालं, तोवर बहुतेक रिळं जळून, कुजून किंवा चांदीसाठी वितळवून संपली होती. त्या काळीही कुणीतरी म्हणालं असेल, की बोलपट आल्यावर हे पुरातन कोण बघणार.

गेमच्या बाबतीत आकडा समोर आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २०१०च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत. या अभ्यासाचा आधार घेऊन ग्रंथालयांनी मागणी केली, की संशोधकांना असे गेम घरबसल्या बघता येऊ द्या. ऑक्टोबर २०२४मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती फेटाळली. म्हणजे विकणारा विकत नाही आणि ग्रंथालयाला दाखवता येत नाही. राहिला कोण? जुना डबा सांभाळून ठेवणारा माणूस.

*

‘एवढा खटाटोप कशाला, फोनवर एम्युलेटर आहे की’, हा आक्षेप सगळ्यात वरचा. मी एम्युलेटरच्या विरोधात नाही. ते लिहिणारे लोक या क्षेत्रातले सगळ्यात हुशार आणि सगळ्यात कमी पैसे मिळणारे इंजिनिअर आहेत. पण फोनवरचा पीएस२ एम्युलेटर म्हटला की एथरएसएक्स२चं काय झालं ते आठवा. डिसेंबर २०२१मध्ये तो आला, लोक अक्षरशः नाचले, आणि जानेवारी २०२३मध्ये एकट्याने तो बनवणाऱ्या माणसाने तोतयेगिरी, सततच्या तक्रारी आणि धमक्यांना कंटाळून काम थांबवलं. फुकट मिळालेल्या गोष्टीवर हक्क गाजवणारे आपल्यातलेच होते. न्यायालयाचं म्हणाल, तर कनेक्टिक्स खटल्यात २०००मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने एम्युलेटर लिहिणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी सोनीने तो एम्युलेटर विकत घेऊन बंद केला. २०२४मध्ये स्विचच्या ‘युझू’ एम्युलेटरवाल्यांनी २४ लाख डॉलरची तडजोड करून गाशा गुंडाळला. आणि पीएस२चा एम्युलेटर रीतसर चालवायचा, तर लागणारी बायोस स्वतःच्या पीएस२मधून काढायची असते. फिरून गाडी जुन्या डब्यापाशीच येते.

दुसरा आक्षेप: ‘आता नव्या कन्सोलवर जुने गेम चालतातच.’ पीएस५वर पीएस४चे जवळपास सगळे चालतात, एक्सबॉक्स सिरीज एक्सवर तीन मागच्या पिढ्यांतले निवडक चालतात. मायक्रोसॉफ्टने २०१५पासून या बाबतीत केलेलं काम कौतुकाचं आहे, ते मोकळेपणाने म्हणतो. पण तिथे ३६०ची डिस्क टाकली की डिस्कवरचा गेम चालत नाही. डिस्क फक्त ओळखपत्र असते, आणि नव्याने बांधलेला गेम सर्व्हरवरून उतरतो. ज्या दिवशी तो सर्व्हर बंद, त्या दिवसानंतर ओळखपत्र दाखवायला खिडकीच नाही.

खिडक्या बंद होतात. थ्रीडीएस आणि वी यूचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ला बंद झालं. एक्सबॉक्स ३६०चं २९ जुलै २०२४ला. पीएस३चं दुकान बंद करायची घोषणा मार्च २०२१मध्ये झाली होती. लोकांनी ओरडा केला, आणि तीन आठवड्यांत त्याच जिम रायन यांनी निर्णय चुकल्याचं सांगून तो मागे घेतला. ज्या यंत्रावरचं कुणी खेळत नाही म्हणतात, त्याच्यासाठी एवढा ओरडा करणारे आले कुठून? युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या २०१४च्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद केले, तेव्हा डिस्क घेतलेल्यांच्या हातातही चकती उरली. त्यावरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या अर्जाने २०२५मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी आलेल्या स्विच २च्या काही गेमच्या काडतुसात तर गेम नसतोच, फक्त डाउनलोडची किल्ली असते.

तिसरा आक्षेप नॉस्टॅल्जियाचा. याला मी एवढंच म्हणेन, की ज्यांनी पीएस२ कधी पाहिलाच नाही अशा अठरा वर्षांच्या मुलाला ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ मूळ रूपात खेळायला द्या. आठवण नसलेल्या माणसाला नॉस्टॅल्जिया होत नाही. गेम चांगला असेल तर तो बसेल, नसेल तर उठेल.

*

आता बाजारात जाऊ. जुना कन्सोल घ्यायचा तर डोळे उघडे ठेवून घ्या, नाहीतर तत्त्वाच्या नादात गळ्यात धोंड पडेल.

पीएस३ घेताना मागचं लेबल वाचा. मॉडेलचं नाव ‘सीईसीएच’ने सुरू होतं आणि पुढचं अक्षर महत्त्वाचं. ए आणि बी म्हणजे दोन्ही चिपा. सी आणि ई म्हणजे फक्त ग्राफिक्सची चिप. जी आणि त्यापुढचं काहीही म्हणजे पीएस२ विसरा. विक्रेता लेबलचा फोटो देत नसेल तर पुढचे यूएसबी मोजा. चार असतील तर पीएस२ची थोडीफार तरी सोय आहे, दोन असतील तर नाही. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क मात्र सगळ्याच पीएस३वर चालतात.

मग प्रदेशाची भानगड. पीएस३चे गेम जवळपास सगळे कुठेही चालतात, पण पीएस२ आणि पीएस१चे गेम प्रदेशाला बांधलेले असतात. दोन्ही चिपांची यंत्रं अमेरिका आणि जपानची. भारतात अधिकृतपणे विकलेल्या पीएस२च्या डिस्क पाल पद्धतीच्या. म्हणजे अमेरिकेहून मावशीने आणलेल्या ६० जीबीच्या यंत्रावर तुमचा ‘हनुमान’ चालणार नाही, आणि तपकीर गल्लीतल्या चोरीच्या डिस्क तर नाहीच नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. तुमच्याकडे इथल्या डिस्क असतील तर साधा पाल पीएस२ घ्या. तो स्वस्त पडतो, लहान असतो आणि पीएस१चे गेमही बहुतांश चालवतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मुलांनी मात्र ए किंवा बी शोधावा.

आणि पिवळा दिवा. सुरुवातीच्या पीएस३ची ग्राफिक्स चिप ९० नॅनोमीटरची, तापट आणि अल्पायुषी. एक दिवस यंत्र सुरू होतं, पिवळा दिवा लागतो आणि सगळं बंद. हीटगनने गरम करून ‘दुरुस्त’ केलेलं यंत्र थोडे दिवस चालतं आणि पुन्हा झोपतं, म्हणून ‘नुकतंच रिपेअर केलंय’ हे वाक्य ऐकलं की काय केलंय ते विचारा. निष्णात कारागीर नंतरच्या मॉडेलमधली लहान, थंड ग्राफिक्स चिप काढून जुन्या बोर्डावर बसवतात. असं यंत्र महाग पडलं तरी चालेल. घेताना अर्धा तास गेम चालवून बघा, पंख्याचा आवाज ऐका, पीएस२ची अस्सल डिस्क टाकून बघा. घरी आणल्यावर धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला, आतला बटणासारखा सेल बदला. हार्ड डिस्क लॅपटॉपची साधी अडीच इंची असते, ती घरच्या घरी बदलता येते.

एवढं जमणार नसेल तर सुरुवातीचा निन्टेन्डो वी बघा, वरच्या झाकणाखाली गेमक्यूबच्या कंट्रोलरची भोकं असलेला. गेमक्यूबच्याच घराण्यातला प्रोसेसर असल्याने तो त्याच्या डिस्क अगदी सहज चालवतो. नंतरच्या स्वस्त मॉडेलांत निन्टेन्डोनेही ही सोय काढून टाकली. कात्री एकट्या सोनीच्या हातात नव्हती.

*

जुना डबा घेतल्याने प्रश्न सुटतो असं मी म्हणत नाही. लेसर म्हातारा होतो, डिस्क खराब होतात, ग्राफिक्स चिपचा साठा कधीतरी संपेल. शिवाय जुनी यंत्रं साठवून तिप्पट भावाने विकणारे दलाल तयार झालेत. त्यांना संग्राहक म्हणू नका. डबा आपल्याला वेळ मिळवून देतो. तोवर मागायच्या गोष्टी मागून घ्यायच्या आहेत.

एक, विकताना खरं बोला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून कायदा आहे, की डिजिटल वस्तू परवान्यावर देत असाल तर ‘विकत घ्या’ म्हणताना ते ग्राहकाला स्पष्ट सांगा. आपल्या ग्राहक संरक्षणात असा एक ओळीचा नियम यायला काहीच हरकत नाही. दोन, सर्व्हर बंद करताना गेम चालत राहील अशी सोय करून मगच दिवा मालवा. तीन, आपला कायदा वाचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२प्रमाणे ज्याच्याकडे प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत आहे, त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून बॅकअप घेता येतो. २०१२मध्ये आलेलं कलम ६५ए कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं ते हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. या बाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा समंजस आहे. त्याचा आधार घेऊन आपल्या एखाद्या विद्यापीठाने, एखाद्या ग्रंथालयाने भारतीय गेमचा संग्रह सुरू करायला हवा, आणि तो ‘हनुमान’ची डिस्क वाचणारं शेवटचं यंत्र बंद पडायच्या आधी.

आणि नवा कन्सोल घ्यायला दुकानात जाल तेव्हा रंग आणि टेराबाइट विचारायच्या आधी एवढं विचारा, की माझ्या घरातल्या डिस्क यात चालतील का, आणि इंटरनेट काढलं तरी चालतील का. दुकानदाराला माहीत नसेल. बऱ्याच जणांनी विचारलं की तो कंपनीला विचारेल.